चुलीचा धूर आणि घराचा वारा

आता घरोघर गॅस आला, तेव्हा चुलीविषयी लिहिण्याचे प्रयोजन उरले नाही, अशी समजूत शहरवासी सुशिक्षितांपैकी पुष्कळांची झालेली आढळते. परंतु खेड्यापाड्यांशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे, त्यांना ती समजूत किती अपुरी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशभरात शेकडा ५९ च्या आतबाहेर भरली, आणि ग्रामीण भागापुरता हिशेब केला तर हेच प्रमाण शेकडा ४३ वर थांबले. शिवाय ज्या घरात सिलिंडर पोहोचला, त्या घरातली चूलही सर्वस्वी विझलेली नाही. सकाळचा चहा गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी मागल्या दारच्या चुलीवर तापते. भाजी गॅसवर शिजते, पण भाकरी मात्र तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपाशी उभी करावी आणि तिचा पापुद्रा टम्म फुगलेला पाहावा, ही सवय सुटत नाही. आणि गुरांचे आंबोण, कार्यातला भात, दिवाळीचा फराळ असली मोठी कामे निघाली, की सिलिंडरची काटकसर म्हणून जळणच पुढे येते. ज्या साधनावर अजून कोट्यवधी घरांचा प्रपंच चालतो, त्याच्या वापरातील सुरक्षिततेचा विचार जुनाट म्हणून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही.

चुलीचा धोका म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे भडकलेली ज्वाळा उभी राहते, आणि ती भीती निराधारही नाही. तथापि चुलीपासून होणाऱ्या अपायाचा फार मोठा भाग ज्वाळेच्या वाट्याचा नसून कोंडलेल्या हवेच्या वाट्याचा असतो, आणि तो हळूहळू, वर्षानुवर्षे, कोणाच्या ध्यानात न येता घडत असल्यामुळे त्याचा बंदोबस्त करण्याची निकड घरातल्या कर्त्या पुरुषांना क्वचितच भासते. जळणाला हवा कोठून मिळते आणि धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो, हे दोन प्रश्न ज्या घराने नीट सोडविले, त्या घराची चूल निम्म्याहून अधिक सुरक्षित झाली, असे मी समजतो.

लाकूड जळताना काय घडते, ते आधी पाहू. वाळलेल्या लाकडाचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही थोडा अधिक भाग तापल्यावर वायू आणि वाफा यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि उरलेल्याचा कोळसा होतो. प्रथम लाकडातले पाणी उडून जाते; मग दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे लाकूड आतून फुटू लागून त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात; या वायूंना भरपूर उष्णता आणि पुरेशी हवा एकाच वेळी लाभली तर ते पिवळ्या, स्वच्छ ज्वाळेने जळून जातात, आणि या दोहोंपैकी एकाची उणीव पडली की तेच वायू धूर होऊन छपराकडे जातात. म्हणजे धूर हे न जळलेले जळणच होय. ज्या चुलीतून दाट धूर निघतो ती चूल घरातल्या माणसांचे डोळे आणि छाती तर बिघडवतेच, पण कष्टाने गोळा केलेल्या मोळीचा काही भाग फुकटही घालवते. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत जळणाच्या एकूण उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ओल्या जळणाचा उपद्रव प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर नुकत्याच तोडलेल्या फांदीचा एक तुकडा चुलीत सरकवून पाहावा. त्याच्या बाहेर राहिलेल्या टोकाशी बारीक फेस जमतो, त्यातून शीळ घातल्यासारखा अखंड आवाज येत राहतो, साल काळवंडते पण जाळ धरीत नाही, फुंकणीने कितीही फुंकले तरी क्षणभर भडका होऊन पुन्हा धुमसणे सुरू होते, आणि वैलावर ठेवलेल्या भांड्याच्या तळाला अशी चिकट, डांबरासारखी काजळी धरते की राखेने चार वेळा घासूनही ती निघत नाही. ताज्या लाकडाच्या वजनात कित्येकदा निम्मे पाणीच असते, आणि त्या पाण्याची वाफ करण्यातच चुलीची पुष्कळशी शक्ती खर्ची पडते. म्हणून कोकणात आगोटीपूर्वी लाकूडफाटा फोडून पडवीत रचून ठेवण्याचा जो दस्तूर आहे, तो सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पहिला नियम मानावा. लाकूड फोडून, हवा खेळेल असे आडवे-उभे रचून, पावसापासून झाकून किमान सहा महिने आणि शक्य तर वर्षभर वाळू द्यावे. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या भेगा पडतात, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर ठणठणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो.

सरपण कोणते, यावरही बरेच अवलंबून आहे. बाभूळ, खैर, धावडा, ऐन ही घट्ट लाकडे सावकाश जळून टिकाऊ निखारा देतात. पांगारा, शेवगा, सावर ही मऊ लाकडे भुर्रकन जळून जातात. विदर्भ-मराठवाड्यातील पऱ्हाट्या आणि तुराट्या, देशावरील उसाचे पाचट आणि चिपाडे, कोकणातील नारळाची सोडणे आणि चुडते, या साऱ्यांचा जाळ उंच आणि अल्पकाळाचा असल्यामुळे त्यांच्यापाशी सतत बसून राहावे लागते, आणि जाळ चुलीच्या तोंडाबाहेर येण्याचा संभव अधिक असतो. गोवऱ्यांचा विस्तव मंद आणि दीर्घकाळ टिकतो, पण धूर लाकडाहून जास्त होतो, तेव्हा बंद खोलीत त्या जाळू नयेत. कण्हेरीच्या काटक्या आणि बिब्ब्याचे लाकूड चुलीत मुळीच घालू नये. कण्हेरीचा धूर विषारी असतो, आणि बिब्ब्याच्या धुराने अंग सुजून फोड येतात. याच यादीत एका नव्या वस्तूची भर घालावीशी वाटते. सकाळी जाळ चटकन धरावा म्हणून दुधाची रिकामी पिशवी, तुटकी बादली किंवा जुनी चप्पल चुलीत टाकण्याची जी पद्धत अलीकडे सर्रास दिसते, ती तत्काळ बंद झाली पाहिजे. प्लॅस्टिकच्या धुरात निघणारी काही द्रव्ये जळाऊ लाकडाच्या धुरात सहसा नसलेल्या जातीची व अतिशय घातक असतात, आणि तो धूर भाकरीच्या तव्याखालीच तयार होत असतो.

चुलीला धुराडे असावे ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही, आणि तिचा एक प्रारंभ महाराष्ट्रात झाला याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले, त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती, आणि तेथील प्रयोगांतून ‘मगन चूल’ ही धूर बाहेर नेणारी चूल निर्माण झाली. पुढे १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी लक्षावधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची योजना पुस्तिकेच्या रूपाने मांडली. सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाचे फळ मात्र अपेक्षेप्रमाणे पदरात पडले नाही. चुलींची संख्या दप्तरात भरली, पण ज्या बाईने त्या चुलीपुढे बसावयाचे तिच्या भांड्यांचा घेर केवढा, तिला जळण केवढ्या लांबीचे मिळते, भाकरी भाजण्यास निखारा पुढे ओढावा लागतो की नाही, याची चौकशी करण्याची तसदी पुष्कळ ठिकाणी घेतली गेली नाही. धुराडी काजळीने बुजली, ती साफ कशी करावी हे कोणी दाखविले नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती चूल मोडून बाईने आपल्या हाताने जुन्या घडणीची चूल पुन्हा घातली. तिचा यात काही कसूर होता असे मला वाटत नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर दीर्घकाळ काम केले, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली, आणि त्या कोळशाच्या कामाबद्दल २००२ मध्ये तिला अॅशडेन पारितोषिक मिळाले. असे चिकाटीचे उद्योग आणखी हवे होते.

धुराडे ज्याने बसविले, त्याने त्याची देखभालही आपल्या अंगावर घेतली पाहिजे. आतून साठणारी काजळी ज्वालाग्राही असते. ओले लाकूड जाळणाऱ्या घरात तिचे डांबरासारखे थर बसतात, आणि एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला म्हणजे ते थर नळीच्या आतच पेट घेतात. दर पंधरवड्याला, निदान महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब काठीला चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा बांधून नळी वरपासून खालपर्यंत झाडावी. नळी पत्र्याची असेल तर लाकडी वासे, गवताचे छप्पर, कूड यांच्यापासून ती सर्व बाजूंनी निदान दीड फूट दूर असावी. आणि ती छपराबाहेर निघते त्या जागेच्या वर किमान तीन फूट न्यावी, नाहीतर वारा धूर उलटा घरात ढकलतो. धुराडे नसलेल्या घरी चुलीसमोर, जमिनीलगत हवा आत येण्यास एक वाट आणि छपराखाली धूर जाण्यास दुसरी, अशी तरतूद हवी. जुन्या घरांतल्या कौलांच्या सांध्यांतून ही दुसरी वाट आपोआप मिळत असे. आता सिमेंटच्या स्लॅबखाली, एकाच लहानशा खिडकीच्या खोलीत चूल मांडली जाते, आणि धुराला जाण्यास जागाच उरत नाही. आढ्याला आणि वाशांना लोंबणारा घेरोसा दर सणाला झाडून काढण्याची आपली जुनी वहिवाट मोडू नये, कारण एखादी ठिणगी वर गेली तर प्रथम पेट घेतो तो हाच.

या धुराचे शरीरावर होणारे परिणाम मात्र सविस्तर सांगितले पाहिजेत. त्यात काजळीचे इतके सूक्ष्म कण असतात की ते नाकात किंवा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या या कणांचे प्रमाण दिवसभराच्या सरासरीने एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे. कोंडलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण शेकड्यांत, आणि कधी हजारांतही जाते. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा त्याच संघटनेचा अंदाज असून, त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांच्या वर होती. धूम्रपान न करणाऱ्या माणसांतही श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार फार मोठ्या प्रमाणावर असतो, आणि त्यामागे चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी एका सहकाऱ्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. आयुष्यात विडी न ओढलेल्या म्हाताऱ्या बाईला चार पायऱ्या चढताच धाप का लागते, याचे उत्तर येथे आहे; आणि ‘वयच झाले’ म्हणून तिच्या खोकल्याकडे हयगय करणाऱ्या घराने तिला एकदा तरी छातीच्या वैद्यांकडे न्यावे, असे मी कळकळीने सांगतो. चूल पेटलेली असताना तान्हे मूल कडेवर घेऊन किंवा पाठीशी बांधून स्वयंपाक करणे टाळता येईल तितके टाळावे. घरात दुसरे कोणी असेल तर मूल सांभाळण्याचे काम त्याने करावे.

धूर निदान डोळ्यांना झोंबून आपली वर्दी देतो. त्याहून भयंकर शत्रू आहे तो कार्बन मोनॉक्साइड हा वायू, कारण त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो धुरापेक्षा निखाऱ्यांतूनच अधिक फसवेपणाने येतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून तो सतत निघत असतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते या वायूला धरते, आणि त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. लाल फुललेले निखारे पाहून माणसाला वाटते, की धूर संपला, आता शेगडी खोलीत नेण्यास हरकत नाही. दरसाल थंडीच्या दिवसांत रात्री शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या येतात, त्यांचे कारण हा इतबार होय.

आपल्या समाजात या धोक्याचे एक विशेष ठिकाण आहे, आणि ते बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले किंवा शेगडी ठेवावयाची, तीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यावयाची, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून फटींत चिंध्यांचे बोळे कोंबावयाचे, आणि त्या खोलीत काही दिवसांचे मूल आईच्या कुशीत झोपवावयाचे, ही पद्धत पुष्कळ घरांत अद्याप चालू आहे. ती मायेपोटीच पडली, आणि आजीबाईंच्या मायेविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण लहान जिवाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, विषारी हवेचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो, आणि बाळंतीण थकलेली, अर्धवट झोपेत असल्यामुळे तिला काही जाणवले तरी उठून दार उघडण्याचे भान तिला राहत नाही. शेक द्यावयाचाच असेल तर रबरी पिशवीतील गरम पाण्याने किंवा बाहेर तापवून आणलेल्या फडक्याने द्यावा. खोली उबदार ठेवावयाची तर जाड पांघरुणे घालावीत. निखारे मात्र त्या खोलीत आणू नयेत. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रहच धरला, तर निदान एक खिडकी आणि दार उघडे ठेवून, कोणीतरी जागे बसून, थोडा वेळ शेक देऊन शेगडी लगेच बाहेर नेण्याचा हुकूम घरात पाळला जावा.

आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब हे असेच दुसरे ठिकाण. त्याच्या पोटातून उभी नळी गेलेली असते, तळाशी जाळी असते, वरून नळीत चिपाडे किंवा कोळसे टाकावयाचे आणि भोवतीचे पाणी तोटीने काढावयाचे, अशी ही सुबक योजना पुष्कळ जुन्या वाड्यांत आजही वापरात आहे. बंब आधी पाण्याने भरावा आणि मगच पेटवावा, नाहीतर नळीचे सांधे उष्णतेने सुटतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ऊब राहावी म्हणून न्हाणीघराचे दार लावून, पेटत्या बंबाशेजारीच आंघोळ करण्यात प्राणावर बेतण्याचा संभव आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बंबाची जागा पडवीत किंवा मागल्या अंगणात. आत न्यावयाचे ते फक्त पाणी. निखाऱ्यांपाशी बसले असता डोके जड होणे, मळमळणे, ग्लानी येणे याला पुष्कळ वेळा पित्त म्हणून दुर्लक्षिले जाते. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना हा त्रास एकदम झाला आणि बाहेर येताच थोडे बरे वाटले, तर ते पित्त नव्हे असे समजावे. अशा वेळी दारे-खिडक्या सताड उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून, प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्यांना विनाविलंब न्यावे.

जाळाच्या धोक्यासंबंधी काही बाबी सांगावयाच्या राहिल्या. चुलीपाशी सुती वस्त्र असावे, पदर कमरेला घट्ट खोचलेला असावा, कारण नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड पेट घेताच वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल जाते. विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतण्यासारखी दुसरी घातक सवय नाही. निखाऱ्यावर पडताच त्याची वाफ होते, ती एकदम भडकते, आणि तो भडका हातातल्या बाटलीपर्यंत येतो. जाळ मंद झाला तर वाळलेल्या काटक्या घालाव्यात आणि राख ओढून जाळीखाली हवा मोकळी करावी. चूल कमरेएवढ्या ओट्यावर असेल तर पाठही वाचते आणि रांगणारे मूलही तिच्यापासून दूर राहते. जमिनीवर असेल तर तिच्याभोवती हातभर जागा सारवून मोकळी ठेवावी, आणि उकळत्या भांड्याचा दांडा किंवा कान चुलीबाहेर येणार नाही असा ठेवावा.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर पडून लोळावे, आणि जवळच्यांनी घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून जाळ कोंडावा. मग भाजलेल्या भागावर थंड, वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. सूज चढण्यापूर्वीच बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून घ्याव्यात. फोड फोडू नयेत. शाई, तूप, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, बर्फही लावू नये. स्वच्छ सुती फडक्याने भाग सैल झाकून वैद्याकडे न्यावे.

राखेविषयी मात्र पुष्कळ घरांत गैरसमज आहे. वरून थंड आणि पांढरी दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. पूर्वी आगपेटीची काटकसर म्हणून बायका रात्री विस्तव राखेत पुरून ठेवीत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवीत, तो याच गुणामुळे. ती राख टोपलीत भरून उकिरड्यावर, गोठ्याच्या कुडाशी किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकली, आणि दुपारी वारा सुटला, म्हणजे आग लागण्यास दुसरे निमित्त लागत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा राखेसाठी वेगळा ठेवावा, तो घरापासून आणि गवतापासून दूर, मातीच्या मोकळ्या जागेवर असावा, आणि चार दिवस गेल्यावर, त्यात पाणी ओतून, काठीने ढवळून चर्रकन आवाज येत नाही याची खात्री झाल्यावर, मगच ती राख शेताच्या किंवा परसाच्या मातीत मिसळावी.